धम्मचक्र भरताना कापडावरील खुणेच्या रेषा

विहारात लावण्यासाठी मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने धम्मचक्र भरायला आपल्या भगिनी व विद्यार्थी हौसेने घेतात. त्यांतील बरेच तुकडे अर्धवट अवस्थेत कपाटात जातात, असे आमचे निरीक्षण आहे. हाताला सफाई नसते असे नव्हे, मोजणी चुकते. या कामात नक्षी आलेख कागदावर असते आणि कापड कोरे. एक घर चुकले तर ते तिथल्या तिथे दिसत नाही. चक्राची धाव जुळेनाशी होते तेव्हा कळते, आणि आठवड्याचे काम उसवावे लागते.

म्हणून भरण्याआधी दर दहा घरांवर उभ्या-आडव्या खुणेच्या रेषा टाकाव्यात. बँकेत पूर्वी खतावणीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज मांडीत ती याचसाठी. फरक आलाच तर सबंध वही तपासावी लागत नसे.

इंचाला १४ घरे असलेल्या मॅटीवर १०० घरांचे चक्र सुमारे ७ इंचांचे होते. चारी बाजूंना तीन-तीन इंच कापड सोडावे. कापड दुमडून मध्य काढावा व पहिल्या दोन रेषा तेथूनच टाकाव्यात. कागदावरची ठळक रेघ आणि कापडावरची रेषा एकाच घरावर यायला हवी, नाहीतर रेषा असून नसल्यासारख्या.

पेन्सिल आम्हाला पसंत नाही. तिचा काळपटपणा फिक्या दोऱ्यात उतरतो आणि धुऊनही नीट जात नाही. पाण्याने जाणाऱ्या शाईचे पेन चालते. मात्र थंड पाण्यात धुण्याआधी इस्त्री फिरवली तर डाग पक्का होऊ शकतो. सर्वांत उत्तम धावदोरा, पाच घरे वर, पाच घरे खाली. दोरा पक्क्या रंगाचा हवा. मासे धरण्याच्या गळाचा बारीक नायलॉन मिळाला तर आणखी बरे, कारण त्यात सुई शिरत नाही.

आठ आऱ्यांच्या चक्राला या रेषांचा विशेष उपयोग होतो. चार आरे मधल्या रेषांवरच येतात. उरलेले चार तिरपे आरे मध्यापासून निघून रेषांच्या प्रत्येक छेदातून जातात. छेद चुकला की तिथेच थांबावे. अशोकचक्राच्या २४ आऱ्यांपैकी बहुतेक आरे असे घरांच्या कोपऱ्यांतून जात नाहीत, त्यामुळे नवशिक्यांनी ते आधी घेऊ नये.

भरून झाल्यावर खुणेचे दोरे काढावेत. सुती दोरा टाक्यांत अडकला असेल तर ओढू नये. बारीक कात्रीने तोडून तुकडे चिमट्याने उचलावेत.