शस्त्र आधी, युक्तिवाद नंतर

ग्वाल्हेर-चंबळच्या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास बंदुकीचे अप्रूप नसते. वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने जखमी झालेला पाहुणा असो, की खांद्याला बारा बोअर अडकवून दवाखान्याच्या बाकावर आपल्या नंबराची वाट पाहणारा शेतकरी असो, दोन्ही दृश्ये आपल्या सरावाची आहेत. परंतु ज्याच्या घरी बंदूक आहे त्याचेच मन खचले तर त्या बंदुकीचे काय करावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी या प्रश्नाचे उत्तर कायद्यातून दिले आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांची मुले तिकडे स्थायिक आहेत, म्हणून या विषयाची ओळख येथे करून देत आहे.

या प्रकारचा पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने 1999 साली केला. 2005 मध्ये इंडियाना आणि 2014 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तसेच पाऊल उचलले. फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर या कायद्यांना वेग आला आणि आज असे कायदे वीसहून अधिक राज्यांत आहेत. एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी साधार भीती असल्यास पोलीस, आणि बहुतेक राज्यांत कुटुंबीयही, न्यायालयाकडे अर्ज करू शकतात. मेरीलँडसारख्या काही राज्यांत हा अधिकार डॉक्टरांनाही आहे. प्रसंग तातडीचा असेल तर न्यायाधीश दुसरी बाजू ऐकण्यापूर्वीच अल्पकालीन आदेश देतात आणि काही दिवसांत रीतसर सुनावणी होते. हा आदेश दिवाणी स्वरूपाचा असतो. त्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही.

वैद्यकीय दृष्टीने यातील मर्म वेळेत आहे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा काही मिनिटांची वा तासांची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. औषधांच्या गोळ्या घेतलेले बहुसंख्य रुग्ण वाचतात. बंदुकीचा मार्ग धरलेल्यांपैकी दहातले सुमारे नऊ जण दगावतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात. कनेक्टिकटमधील 762 प्रकरणांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण 10 ते 20 जणांची शस्त्रे काढून घेतल्यास एक आत्महत्या टळते, असा त्यातील संशोधकांचा अंदाज आहे.

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, आमच्या परिचितांच्या मुलाचा मला रात्री फोन आला. (ओळख पटू नये म्हणून इतर तपशील गाळले आहेत.) नोकरी गेल्यापासून तो जगण्याला कंटाळल्याचे बोलत असे. घाबरून पत्नीने पोलिसांना बोलावले होते आणि त्याच्या हाती न्यायालयाचा तातडीचा आदेश पडला होता. "काका, मी काय गुन्हेगार आहे? तिने माझ्या पाठीमागे तक्रार केली!" तो संतापाने थरथरत होता. मी म्हटले, "अरे, तू गुन्हेगार नाहीस. पण वाद उद्या घाल, पिस्तूल आज देऊन टाक. आणि वहिनींवर रागावू नकोस. तिने तुला घालवण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी फोन केला." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "देतो, काका." सुनावणीत एक वर्षाचा आदेश कायम झाला. दरम्यान त्याने उपचार सुरू केले. आज तो पुन्हा नोकरी करतो आहे.

असा आदेश हाती पडल्यास काय करावे, हे कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून सांगता येईल. पोलिसांनी मागताच शस्त्रे व काडतुसे त्यांच्या स्वाधीन करावीत. त्यांनी तेव्हाच मागितली नाहीत, तरी 24 तासांच्या आत ती पोलिसांकडे वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि ती 48 तासांत न्यायालयात दाखल करावी. शस्त्र लपवणे किंवा मित्राच्या घरी ठेवणे हा मात्र गुन्हा आहे. पोलिसांच्या विनंतीवरून मिळालेला तातडीचा आदेश 21 दिवस चालतो. तेवढ्या अवधीत वकील गाठावा, उपचाराची कागदपत्रे जमवावीत आणि सुनावणीस अवश्य हजर राहावे. तेथे धोका सबळ पुराव्याने सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. आदेश एक ते पाच वर्षांसाठी कायम झाला, तरी तो रद्द करण्याची विनंती दर वर्षी एकदा करता येते.

आपली बाजू ऐकण्यापूर्वीच हक्क काढून घेतला जातो, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. लवकर होणारी सुनावणी हेच त्यावरचे उत्तर आहे. कौटुंबिक हिंसेच्या आदेशाखालील व्यक्तीला शस्त्रबंदी करणारा संघीय कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये रहिमी खटल्यात 8 विरुद्ध 1 मताने वैध ठरवला. तो कायदा निराळा असला तरी, धोकादायक ठरलेल्या व्यक्तीकडून काही काळ शस्त्र दूर ठेवता येते, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

आपल्याकडे बंदूक बाळगणे हा हक्क नसून परवान्याची बाब आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 17 अन्वये परवाना देणारा अधिकारी सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा परवानाधारकाच्या मनोविकृतीच्या कारणावरून परवाना निलंबित वा रद्द करू शकतो. कलम 18 मध्ये अपिलाची तरतूद आहे. निवडणुकीच्या काळात कितीतरी जण आपली बंदूक ठाण्यात वा विक्रेत्याकडे जमा करतात, त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. घरात नैराश्याचा रुग्ण असतानाही असेच करण्यास संकोच का वाटावा?

माझी समव्यवसायी मित्रांना विनंती एवढीच की, नैराश्याच्या रुग्णाला झोप, भूक आणि औषधे यांबद्दल विचारताना "घरी बंदूक आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते?" हेही विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तर नातेवाइकांना बोलावून ती बंदूक त्याच दिवशी घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था करण्यास सांगावे.