वार्धक्य आणि घराची किल्ली

वृद्धांची सोय म्हटली की वृद्धाश्रम हाच एक मार्ग आपल्या डोळ्यांपुढे येतो. डेन्मार्कमधील स्केविंगे या सुमारे ५००० वस्तीच्या ग्रामीण पालिकेने १९८४ साली निराळा मार्ग धरला. तेथील शुश्रूषागृह बंद करण्यात आले. वास्तू मात्र तीच राहिली. तिच्यातील खोल्यांची स्वतंत्र बिऱ्हाडे झाली आणि कालचे आश्रित भाडेकरू झाले. पूर्वी निवृत्तिवेतन संस्थेकडे जाई व वृद्धाच्या हाती केवळ किरकोळ खर्चापुरती रक्कम पडे. आता ते सारे त्याच्या हाती येऊ लागले. भाडे व जेवणखाण यांचा खर्च तो स्वतः भागवू लागला. परिचारिकाही त्या वास्तूपुरत्या न राहता पंचक्रोशीतील वृद्धांच्या घरी रात्री-अपरात्री जाऊ लागल्या. त्यामुळे आजारपण आले तरी राहते घर सोडण्याचे कारण सहसा उरले नाही. पुढे १९८७ च्या कायद्याने देशभर जुन्या धर्तीची नवी शुश्रूषागृहे बांधणे थांबले.

आपल्या खेड्यांतही मुले शहराकडे गेली की मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि रिकामे वाडे. तेथे उणीव छपराची नव्हे, दारी येणाऱ्या परिचारिकेची आहे. शुश्रूषा घरापर्यंत पोहोचवता आली, तर उतारवयात बिऱ्हाड मोडण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही.