मार्गारेट क्रॅस्क : लंडन, अरणगाव, न्यूयॉर्क

बॅले हा युरोपातील राजदरबारांत आकाराला आलेला नृत्यप्रकार असून त्यातील रचनांना नाटकासारखी छापील संहिता सहसा नसते. त्यामुळे एखादी रचना पुढच्या पिढीपर्यंत निर्दोष पोहोचायची असेल तर तिची पारख करून ती शब्दांत नोंदवणारा समीक्षक आणि तिचे तंत्र अंगात मुरवलेला गुरू या दोघांचीही गरज भासते. अशाच एका थोर गुरूचे अहिल्यानगर जिल्ह्यात वास्तव्य होते, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही.

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मार्गारेट क्रॅस्क (१८९२–१९९०) यांनी इटालियन आचार्य एन्रिको चेकेत्ती यांच्याकडे लंडनमध्ये शिक्षण घेतले. चेकेत्तींच्या पद्धतीत आठवड्यातील प्रत्येक दिवसाचा सराव नेमून दिलेला असे, आणि एका आठवड्यात उजव्या अंगाने सुरू केलेला सराव पुढच्या आठवड्यात डाव्या अंगाने सुरू केला जाई, जेणेकरून शरीराची कोणतीही बाजू कच्ची राहू नये. ही शिस्त आचार्यांबरोबर लोप पावू नये म्हणून लंडनमधील पुस्तकविक्रेते व बॅले-समीक्षक सिरिल बोमंट यांनी ती ग्रंथबद्ध करण्यास घेतली. १९२२ मध्ये स्तानिस्लास इजिकोव्स्की यांच्यासह त्यांनी मूळ तंत्राचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९३० मध्ये क्रॅस्क यांच्यासह ‘अलेग्रो’चा, म्हणजे उड्या व चपळ पदन्यास यांचा. समीक्षकाची नजर आणि शिक्षिकेचा हात यांचा इतका फलदायी मेळ कलेच्या इतिहासात विरळाच आढळतो.

१९३१ मध्ये क्रॅस्क यांची आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांच्याशी भेट झाली आणि १९३९ मध्ये, लंडनमध्ये शिक्षिका म्हणून नाव झालेले असतानाही, त्या भारतात आल्या. पुढील सात वर्षे त्या बाबांच्या सहवासात राहिल्या आणि त्यांपैकी बराच काळ नगर-दौंड रस्त्यावरील अरणगावजवळच्या मेहेराबाद आश्रमात गेला. १९४६ मध्ये अमेरिकेतील ‘बॅले थिएटर’ या संस्थेने त्यांना बॅले-मिस्ट्रेस नेमले. रोजचा वर्ग घेणे, तालमी सांभाळणे आणि संस्थेच्या प्रयोगसंचातील रचनांचे वळण बिघडू न देणे हे त्या पदाचे काम होय. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅले-शाळेत, लंडनमधील आपलेच शिष्य अँटनी ट्यूडर यांच्याबरोबर, त्यांनी अनेक वर्षे शिकवले; आधुनिक नृत्यातील पॉल टेलर हेही त्यांचे विद्यार्थी.

बाबांच्या सहवासातील आठवणी त्यांनी ‘द डान्स ऑफ लव्ह’ (१९८०) या पुस्तकात लिहिल्या आहेत. नगरचा सांस्कृतिक इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यात क्रॅस्क यांची नोंद अवश्य घ्यावी.