अडगळीतला लॅपटॉप, घराची तिजोरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या अम्मींचा मोबाईल पाण्यात पडला. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि हात वर केले. नवा मोबाईल आला, पण जुन्यात आमच्या मरहूम दादींच्या आवाजातल्या गोष्टी होत्या. दादी लहानग्यांना झोपवताना सांगायच्या, तेव्हा अम्मींनी गुपचूप रेकॉर्ड केल्या होत्या. त्यातली फक्त चाळीस सेकंदांची एक वाचली, तीही कधीतरी खालाजानला पाठवली होती म्हणून.

त्या दिवशी आम्हाला कळले की घरातल्या आठवणी आपण किती बेफिकिरीने एकाच खिशात ठेवतो. गूगलवर मोफत जागा 15 जीबीच मिळते आणि मेल, फोटो, फाइली सगळे त्यातच मोजले जाते. पुढे दर महिन्याला पैसे भरा.

कपाटावर 2012 सालचा लॅपटॉप पडून होता. त्याचाच आम्ही घरगुती सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. सतत चालू राहणारा आणि घरातल्या सगळ्यांच्या फाइली सांभाळणारा संगणक, एवढेच.

आधी बॅटरी तपासा. ती फुगली असेल, टचपॅड वर आले असेल, तर तो लॅपटॉप मुळीच चालू ठेवू नका. आगीचा धोका असतो. जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय थेट चार्जरवर चालतात. बॅटरी चांगली असेल तर वीज गेल्यावर तीच थोडा वेळ आधार देते. पंख्यातली धूळही झटकून घ्या.

मग जुन्या फाइली दुसरीकडे उतरवा, कारण पुढच्या पायरीत डिस्क कोरी होते. आम्ही डेबियन ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून टाकली. ती 1993 पासून जगभरातले स्वयंसेवक सांभाळत आहेत. टाकताना डेस्कटॉपची खूण काढली आणि एसएसएच सर्व्हरची ठेवली. त्यामुळे लॅपटॉपवरचा भार हलका होतो आणि दुसऱ्या संगणकावरून त्याला हुकूम देता येतात.

इथे आमची फजिती झाली. झाकण मिटले की सर्व्हर झोपायचा! सेटिंगच्या फाइलमध्ये झाकणाची ओळ 'इग्नोर' केल्यावर तो जागा राहू लागला. वायफायऐवजी केबलने राउटरला जोडला आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून टाकला.

त्यावर सांबा टाकले की घरातल्या सगळ्या संगणकांना एक सामाईक फोल्डर दिसते. नेक्स्टक्लाउड टाकले तर त्याच्या मोबाईल अ‍ॅपमधून फोटो आपोआप घरच्या सर्व्हरवर जातात. दोन्ही मोफत आहेत. आमच्या भाच्याने एका रविवारी हे बसवून दिले. मदतीला कॉलेजातला एखादा मुलगा किंवा मुलगी असली की पुरे.

वीज किती लागेल? सरासरी 15 वॅट धरले तर महिन्याला जेमतेम 11 युनिट.

दोन गोष्टी मात्र पदराला गाठ मारून ठेवा. हा सर्व्हर घराबाहेरच्या इंटरनेटला उघडा करू नका. चोरवाटा बुजवणे नवख्याचे काम नाही. आणि जुनी डिस्क कधीही दगा देऊ शकते, म्हणून दर महिन्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळ्याची नक्कल घ्या. आमची ती डिस्क खालाजानच्या घरी असते. एका घरी काही झाले तरी दुसऱ्या घरी शाबूत राहते.

सर्व्हरवर पहिली फाइल ठेवली ती दादींच्या त्या चाळीस सेकंदांची. बाकीच्या गोष्टी परत येणार नाहीत. पण अम्मींनी आता नानाजानना समोर बसवून त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी रेकॉर्ड करायला घेतल्या आहेत. तुमच्या घरीही असे कुणी बुजुर्ग असतील. लॅपटॉप नंतर शोधला तरी चालेल, रेकॉर्डिंग मात्र आजच करा.