आठ वर्षांचा राजा

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर वसलं आहे, हे आपण शाळेत घोकतो. त्याच डोंगररांगेत, जिल्ह्याची हद्द ओलांडली की, अजिंठ्याची लेणी. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दोन दगडी हत्ती आहेत. वर चढून गेलं की ओसरीच्या डाव्या अंगाच्या भिंतीवर एक झिजलेला संस्कृत लेख दिसतो. बहुतेक जण त्याच्यासमोरूनच चित्रांकडे जातात.

या लेखात वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेची वंशावळ आहे. वत्सगुल्म म्हणजे आपल्या मेहकर-लोणारच्या शेजारचं वाशीम. वंशावळीत एक राजा असा येतो, की त्याच्या नावाची अक्षरं गेली, वय मात्र उरलं: आठ वर्षं. आठव्या वर्षी गादीवर बसून त्याने राज्य नीट चालवलं, असं लेख म्हणतो. नीट कोणी चालवलं असेल, ते सुज्ञांनी ओळखावं!

जवळपास त्याच काळात, इसवीच्या चौथ्या-पाचव्या शतकांत, रोमन जगातही पोरवयाचे बादशहा होते. थिओडोसियस पहिला 395 मध्ये वारला, तेव्हा साम्राज्य दोन मुलांत वाटलं गेलं. पश्चिमेचा होनोरियस अवघा दहा वर्षांचा. 408 मध्ये पूर्वेच्या गादीवर आलेला थिओडोसियस दुसरा सात वर्षांचा. त्याची थोरली बहीण पुल्केरिया हिने आजन्म कौमार्याचं व्रत घेतलं आणि 414 मध्ये, पंधराव्या वर्षी, ‘ऑगस्टा’ हा किताब मिळवून धाकट्या भावाच्या नावाने कारभार पाहिला. इकडे विदर्भात वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेत प्रभावतीगुप्ता हेच करत होती. नवरा लवकर गेला, मुलगा दिवाकरसेन लहान. मग युवराजाच्या नावाने तेरा वर्षं तरी तिनेच कारभार पाहिला. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात आधी येतात ते माहेरचे गुप्त सम्राट. गोत्रही वडिलांचंच. सासरच्या गादीवर बसून माहेरचा रुबाब सांगणारी ही बाई मला पुल्केरियापेक्षा कांकणभर सरसच वाटते.

फरक आहे तो धर्मगुरूंच्या वजनात. थेस्सालोनिकात झालेल्या कत्तलीबद्दल मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी 390 मध्ये थोरल्या थिओडोसियसला प्रायश्चित्त घ्यायला लावलं. पुल्केरिया आणि तिचा नावापुरता नवरा, बादशहा मार्सियन यांच्या काळात, 451 मध्ये, बादशहाच्या हुकमाने बिशपांची परिषद भरली आणि ख्रिस्ताचं स्वरूप काय, यावर ठराव झाला. वाकाटकांकडे राजाला असा जाब विचारणारं एकच एक धर्मपीठ नव्हतं. ज्या घराण्यातल्या पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले, त्याच घराण्याच्या हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव भिक्षुसंघाला हे सोळावं लेणं अर्पण करतो, आणि त्याच भिंतीवर धन्याची वंशावळही कोरतो. वराहदेवाचा बाप हस्तिभोज हाही प्रधानच होता. हरिषेणाच्या आधीच्या देवसेन राजाने राज्याचा भार त्याच्यावर टाकून स्वतः सुखोपभोग घेतला, हेही लेख लपवत नाही. म्हणजे प्रधानकी बापाकडून लेकाकडे आली होती!

476 मध्ये सेनानी ओडोअकरने पश्चिमेचा पोरसवदा बादशहा रोम्युलस याला पदच्युत केलं. हरिषेणानंतर वाकाटकांचंही राज्य फार टिकलं नाही.

अजिंठा सोमवारी बंद असतो. इतर दिवशी गेलात, तर चित्रांकडे वळण्याआधी त्या डाव्या भिंतीपाशी जरा थांबा.