पत्रकात नसलेली नावं

मोठ्या माणसाची भानगड बाहेर आली की चार-सहा दिवसांत वकिलामार्फत एक पत्रक निघतं. साहेब बरीच वर्षं व्यसनाशी झुंजत होते, आता उपचारांसाठी दाखल झाले आहेत, कुटुंबाच्या खासगीपणाचा मान राखावा. आमच्या बैठकीत असं पत्रक कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवतं आणि आम्ही बायका एकमेकींकडे बघून हसतो. ते हसू काही चांगलं नसतं.

मी मूळची बेळगावची, लग्न होऊन बंगळुरात आले. आमचे हे दारू प्यायचे, आता पीत नाहीत. ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या म्हणजे एएच्या बैठकीला जातात, मी शेजारच्या खोलीत अल-अनॉनच्या. अल-अनॉन म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांसाठीची संघटना. एएच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांची बायको लोइस हिनं 1951 मध्ये ती सुरू केली. माझं नाव मी इथे देणार नाही, तशी आमच्यात रीतच आहे. वृत्तपत्रं, रेडिओ, सिनेमा यांच्यापुढे सभासदानं नाव उघड करायचं नाही, असं एएच्या अकराव्या परंपरेत, म्हणजे नियमात, सांगितलंय. आता त्या पत्रकांकडे बघा. बरं होण्याची सुरुवातच पत्रकारांना बोलावून!

2006 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतले खासदार मार्क फोली यांनी राजीनामा दिला. संसदेत काम शिकायला येणाऱ्या अल्पवयीन मुलांना त्यांनी पाठवलेले अश्लील संदेश उघडकीला आले होते. काही दिवसांतच कळलं, साहेब दारू सोडवायला दाखल झालेत. दारूचा त्रास त्यांना असेलही, पण ती मुलं एकदम बातमीच्या तळाला गेली. हार्वी वाइनस्टीन या हॉलिवूडच्या निर्मात्यानं 2017 च्या ऑक्टोबरमध्ये असंच केलं. बायकांनी तोंड उघडल्याबरोबर, मी रजा घेऊन उपचार घेतोय, हे जाहीर. पुढे 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं.

व्यसन हा आजार नाही, असं मला म्हणायचं नाही. सकाळी चहाची बशी धरता येऊ नये इतके ह्यांचे हात कापताना मी पाहिलेत. दारू एकाएकी तोडल्यावर रात्रभर भिंतीवरच्या मुंग्या झटकणारा नवरा पाहिलाय, मुंगी एकही नव्हती. होसूर रोडवर निम्हान्स या मनोविकारांच्या रुग्णालयात दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की हे मनाचे लाड नव्हेत, मेंदूला लागलेली सवय आहे आणि ती सुटताना जीवही जाऊ शकतो. घरी आल्यावर डायसल्फिरामची गोळी रोज सकाळी द्यायचं काम माझ्याकडे. ती घेऊन वर दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते. गोळी गिळली का, हे मी ह्यांना तोंड उघडायला लावून बघायची.

आजारानं पहिल्या पेल्यानंतर थांबायची ताकद गेली, हे मला मान्य. पण प्यायल्यावर स्कूटरची किल्ली कुणी फिरवली?

एएत बारा पायऱ्या असतात. पहिली सगळ्यांना ठाऊक असते: दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करायचं. पत्रकं लिहिणारे बहुतेक त्याच पायरीवर बस्तान मांडतात. चौथ्या पायरीला आपला सगळा हिशेब लिहून काढायचा असतो. आठवीला, आपण ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी. नववीला त्या यादीतल्या माणसांकडे स्वतः जाऊन भरपाई करायची, मात्र आपल्या जाण्यानं त्यांना आणखी इजा होणार असेल तर जायचं नाही. वकिलाला पाठवून भागत नाही.

ह्यांच्या यादीत गांधी बाजारातली एक फुलवाली होती. पिऊन स्कूटर चालवताना ह्यांनी तिची टोपली उडवली, तिचं मनगट मोडलं आणि हे पळून आले. पुष्कळ काळानं हे तिला शोधत गेले, मीही बरोबर होते. ती मोळावर, म्हणजे हातभर मापानं, मोगरा मोजून देत होती. ह्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. तिनं गिऱ्हाइकाचे सुटे पैसे परत केले, मग कन्नडमध्ये म्हणाली, ‘माफी राहू दे अण्णा, प्लास्टर होतं तेवढे दिवस मी घरी बसले, त्याचे पैसे दे.’ आकडा तिला तोंडपाठ होता. हे पेन्शनमधून हप्त्यानं देत गेले. शेवटचा हप्ता घेतानासुद्धा तिनं ‘झालं गेलं विसरा’ वगैरे काही म्हटलं नाही, आणि का म्हणावं तिनं?

आपला कायदाही याच रस्त्यानं जातो. 1956 चा सर्वोच्च न्यायालयाचा बासदेव खटला वकील मंडळी अजून काढतात. बासदेव हा निवृत्त जमादार, तेव्हाच्या पेप्सू राज्यातला. लग्नाच्या जेवणावळीत पिऊन बसला होता. जागेवरून सरक म्हणाल्यावर एक पोरगा हलला नाही, म्हणून त्यानं त्याच्या पोटात गोळी घातली. शुद्ध हरपली नव्हती, तेव्हा खूनच, असं न्यायालयानं ठरवलं. आताच्या भारतीय न्याय संहितेत कलम 23 आणि 24 मध्ये तेच आहे: कुणी फसवून किंवा जबरदस्तीनं पाजलं असेल तर गोष्ट वेगळी, आपल्या हातानं पेला उचलला असेल तर आपण काय करतोय याची जाण माणसाला होती, असं कायदा धरून चालतो.

उपचारांसाठी कायद्यानं एक दार मात्र उघडं ठेवलंय. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 64अ. स्वतः सेवन केल्याचा किंवा थोड्या मालाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर खटल्यातून त्याची सुटका होऊ शकते. उपचार अर्धवट सोडले तर ही मुभा काढून घेता येते. अभिनेता फरदीन खान याला 2001 मध्ये कोकेन प्रकरणात अटक झाली होती. 2012 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्याला याच कलमाचा लाभ दिला. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तिथे पळवाट दिसत नाही. त्यानं दुसऱ्या कुणाचं मनगट मोडलं नव्हतं.

पुण्याचं वेगळं. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे गाडीनं मोटरसायकलवरच्या दोघा तरुण अभियंत्यांना उडवलं, दोघंही गेले. गाडी आमच्या बंगळूरच्या विक्रेत्याकडून आलेली, नोंदणीसुद्धा तात्पुरती, पक्क्या नोंदणीचे 1758 रुपये भरायचे राहिलेले. चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा, वडील नावाजलेले बिल्डर. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला. अटी अशा: वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध, आणि दारू सोडवण्यासाठी डॉक्टरांचे उपचार. लोक इतके खवळले की तीन दिवसांत मंडळानं जामिनाचा आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जूनमध्ये उच्च न्यायालयानं त्याला सोडायला सांगितलं.

लहान मुलाला सुधारायची संधी द्यावी, हे मला पटतं. घशाखाली उतरत नाही ते पुढचं. ससून रुग्णालयात त्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलला, असा पोलिसांचा आरोप आहे आणि त्यात डॉक्टरांनाही अटक झाली. म्हणजे मंडळाच्या कागदावर दारूसाठी उपचार, आणि तिकडे रक्तात दारू सापडूच नये याची खटपट! असं असेल तर उपचार करायचे तरी कशावर?

निबंधाची बातमी ह्यांनी दोनदा वाचली. पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘तीनशे शब्द? माझी चौथ्या पायरीची वही दोनशे पानी होती. त्यातसुद्धा तुझ्या पाटल्या लिहायच्या राहिल्याच होत्या, तूच आठवण करून दिलीस.’