सातू आणि रुसलेले ताट

दुपारी वरणभात निवत चालला आहे, तीन वर्षांचे बाळराजे ओठ घट्ट मिटून बसले आहेत आणि आई रडकुंडीला आली आहे, हे दृश्य आपल्या घरांना नवे नाही. पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग मंदावतो आणि भूकही; तेव्हा घासांची संख्या मोजण्यापेक्षा घासाचा कस पाहावा.

हा कस आपल्या हैदराबादेतच सिद्ध झाला आहे. १९५८ साली कुन्नूरहून येथे आलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित बालकांसाठी 'हैदराबाद मिक्स' तयार केले. भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १० आणि गूळ २०; एवढ्यातून सुमारे ३३० कॅलरी व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. आम्हांस विचाराल, तर हे आपले सातूचे पीठच. भर पडली ती शेंगदाण्यांची!

जिन्नस निरनिराळे खमंग भाजून दळावेत, गूळ मिसळावा. दुधात कालवावे अथवा तुपावर चिमुकले लाडू वळावेत. गोड नको झाले, तर मऊ भात, मेतकूट, तूप. तेलुगू शेजारणीकडून पेसरट्टू अवश्य शिकावा. रुपयाएवढे घातले, तर मुले ते आपल्या हातांनी उचलून खातात. शेंगदाणे मात्र अख्खे कधीही देऊ नयेत, घशात अडकतात, कूटच करावे.

अर्ध्या तासाने, न रागावता, ताट उचलावे. मागाहून बिस्किटे देऊ नयेत (आजीबाईंना हे रुचणार नाही!). वजन वाढेनासे झाले, तर मात्र डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करू नये.